मोरी तुंबली, नळ गळतोय: घरच्या घरी दुरुस्ती कशी करायची

मोरी तुंबली की बहुतेक घरांत पहिला हात जातो तो चोकअपच्या पावडरीकडं. नळ ठिबकायला लागला की चावी आणखी जोरात आवळली जाते. दोन्हींनी बिघाड वाढतो. कोल्हापुरातल्या आमच्या हार्डवेअरच्या दुकानात सकाळी येणाऱ्या गिऱ्हाइकाचं ठरलेलं वाक्य असतं, "मामा, चोकअपचं काय तरी स्ट्राँग द्या की." मी आधी विचारतो, "तुंबलंय कुठं, वहिनी?" मोरीत, असं उत्तर येतं. मोरीत पाणी दिसतं हे खरं, पण अडलंय कुठं हे कुणी बघितलेलंच नसतं. जाळीखाली, ट्रॅप नावाच्या वळणात, भिंतीतल्या पाइपात की बाहेरच्या, जमिनीतल्या झाकणवाल्या चेंबरमध्ये? या चार जागांचे चार वेगळे उपाय आहेत. जागा सापडली की उरलेलं काम अर्ध्या तासाचं आणि बऱ्याचदा फुकटात होणारं असतं. म्हणून या लेखात जागा शोधण्यावर जास्त भर दिलाय. हातात कधी पाना धरला नसेल तरी चालेल, घाई मात्र करू नका.

घरातलं पाणी कुठून कुठं जातं

कोल्हापुरात नळाला पाणी ठरावीक वेळेला सुटतं. २०२३ पासून थेट पाइपलाइननं काळम्मावाडी धरणाचं पाणीही शहरात येतं, तरी घरोघरी साठवणीची पद्धत तीच राहिली आहे. रस्त्यातली लाइन, मग मीटर, मग जमिनीतली टाकी, मोटर, गच्चीवरची टाकी आणि तिथून खाली स्वयंपाकघर, बाथरूम, संडास. म्हणजे घरातले नळ दिवसभर चालतात ते गच्चीवरच्या टाकीच्या दाबावर. एखादाच नळ थेट रस्त्याच्या लाइनवर असतो, बहुतेक अंगणातला किंवा स्वयंपाकघरातला पिण्याच्या पाण्याचा. कुठला नळ कशावर आहे हे आधी माहीत करून घ्या, कारण गच्चीवरचा कॉक बंद केला तरी थेट लाइनवरचा नळ पाणी सुटल्यावर वाहणारच.

आज मोकळा वेळ असेल तर एवढं करा. गच्चीवर जा, टाकीतून खाली येणाऱ्या प्रत्येक पाइपावरचा कॉक एकेक करून बंद करा आणि घरातल्या माणसाला खाली हाक मारून विचारा कुठलं पाणी गेलं. मग पाइपावर पक्क्या शाईच्या पेननं लिहा: किचन, बाथरूम, संडास. वर्षानुवर्षं न फिरवलेले कॉक जाम होतात, त्यामुळं ते या निमित्तानं हलतीलही. फिरत नसेल तर जोर लावून तोडू नका, तो कॉक बदलायच्या यादीत टाका. मध्यरात्री पाइप फुटला तर ही दहा मिनिटं कामाला येतात.

वापरलेल्या पाण्याचा रस्ता वेगळा. त्याला दाब नसतो, फक्त उतार असतो. सिंकखालून बॉटल ट्रॅप किंवा वेस्ट पाइप, तिथून जमिनीतला न्हाणी ट्रॅप (मोरीच्या जाळीखालचा), मग भिंतीबाहेर उतरणारा पाइप, मग चेंबर आणि पुढं ड्रेनेज लाइन. शहराच्या कडेला पाचगाव, उचगाव, कळंब्याकडं बऱ्याच घरांत लाइनऐवजी सेप्टिक टँक असतो. ट्रॅप म्हणजे पाइपाचं मुद्दाम दिलेलं वळण. त्यात साधारण दोन इंच पाणी कायम थांबून राहतं आणि गटाराचा वास, झुरळं घरात येऊ देत नाही. चार दिवस गावाला जाऊन आल्यावर बाथरूममधून वास येतो तेव्हा बहुतेक वेळा काहीही बिघडलेलं नसतं, ट्रॅपमधलं पाणी सुकलेलं असतं. तांब्याभर पाणी ओता आणि थोडा वेळ थांबून बघा.

पिशवीत काय हवं

स्क्रू पाना, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, टेफ्लॉन टेपची दोन-तीन रिळं, अर्ध्या इंची नळाचे चार वायसर (रबरी चकत्या), रबरी पंप, जाड रबरी हातमोजे, जुनी बादली, टॉर्च आणि रद्दी पेपर. एवढ्यावर या लेखातलं बहुतेक काम होतं. हॅक्सॉ आणि तारेची ड्रेन स्प्रिंग गरज पडेल तेव्हा घ्या. पाइप पान्यासाठी घाई नको, त्याचे दात क्रोमच्या नळावर कायमचे ओरखडे पाडतात. चकचकीत नटाला पाना लावताना मध्ये फडक्याची घडी धरा.

तुंबलंय कुठं?

एकाच जागी पाणी अडतंय की सगळीकडं, हे पहिलं बघा. सिंक तुंबलंय पण बाथरूमचं पाणी सरसर जातंय, तर अडथळा सिंकपासून न्हाणी ट्रॅपपर्यंत कुठंतरी आहे आणि ते तुमच्या हातातलं काम आहे. सिंकमध्ये पाणी सोडलं की बाथरूमच्या जाळीतून वर येतंय, किंवा संडास फ्लश केल्यावर मोरीत गुडगुड आवाज होतोय, तर अडथळा दोन्ही पाइप जिथं मिळतात त्याच्या पुढं आहे. अशा वेळी सिंक कितीही साफ केलं तरी फरक पडणार नाही.

मग चेंबरचं झाकण उघडा. झाकण जड असतं, दोघांनी मिळून उचला, बोटं वाचवा. लगेच वाकून आत डोकावू नका, थोडं बाजूला थांबा, जवळ बिडी-काडी नको, आत घाण वायू साठलेला असतो. आता घरातल्या माणसाला बादलीभर पाणी ओतायला सांगा. चेंबर रिकामं आहे आणि त्यात पाणी येतच नाही, तर अडथळा घर आणि चेंबरच्या मधे आहे. चेंबर काठोकाठ भरलंय, तर अडथळा चेंबरच्या पुढं, लाइनीत आहे. पहिल्या बाबतीत चेंबरच्या बाजूनं उलटी स्प्रिंग घालता येते. दुसऱ्या बाबतीत तुमचं काम संपलं, महापालिकेच्या ड्रेनेज विभागाकडं किंवा सोसायटीकडं तक्रार करा.

चेंबरमध्ये किंवा सेप्टिक टँकमध्ये कुणालाही उतरवू नका. "पाच मिनिटांत काढून देतो" म्हणणारा माणूस मिळेल, पैसेही थोडेच मागेल, तरीही नाही. आतल्या वायूनं माणूस ओरडायच्या आधी बेशुद्ध पडतो आणि वाचवायला उतरलेला दुसराही जातो. २०१३ च्या कायद्यानं सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला असं उतरवायला बंदी आहे. टँक उपसायला सक्शनची गाडी बोलवा.

स्वयंपाकघरातलं सिंक

आपल्याकडं सिंक तुंबायचं पहिलं कारण म्हणजे चरबी. रविवारी मटण होतं, तांबडा-पांढरा होतो, अळणी सूप होतं. दुपारी भांडी घासताना रश्श्यावरचा कट, पातेल्याच्या तळाची चरबी गरम पाण्याबरोबर पाइपात जाते. वरून बघायला सगळं वाहून गेलेलं दिसतं. पण पाइपात दोन-चार फूट गेल्यावर पाणी निवतं आणि चरबी पाइपाच्या आतल्या अंगाला थिजते. तिच्यावर भाताची शितं, चहाची पत्ती, नारळाचा चोथा बसतो. पुढच्या आठवड्यात आणखी एक थर. सोमवारी सिंकच्या जास्त तक्रारी घेऊन माणसं येतात ती यामुळं.

उघडायची पद्धत अशी. सिंकखालचं सगळं सामान बाहेर काढा आणि बॉटल ट्रॅपखाली बादली ठेवा. ट्रॅपच्या तळाशी एक वाटी असते, ती हातानं डावीकडं फिरवा. हात घसरत असेल तर ओल्या फडक्यानं धरा. प्लॅस्टिकच्या ट्रॅपला पाना लावलात तर आटे जातात. वाटी सुटली की काळं पाणी एकदम बादलीत पडेल, तोंड लांब ठेवा. आत बोट घालून बघा. भिंतीला पांढरट, साबणासारखा मऊ पण चिवट थर लागेल, नखानं खरवडला की सलग निघतो. तो थर, तळाचा गाळ, कधी कधी एखादा चमचाही, सगळं काढा. जुन्या टूथब्रशनं आटे साफ करा. वाटीच्या काठाला रबरी रिंग असते, ती कुठल्या बाजूनं बसली होती ते काढतानाच बघून ठेवा, मोबाइलवर फोटो काढलात तर उत्तम. रिंग कडक झाली असेल, चिरली असेल तर बदला. वाटी परत बसवताना पहिले दोन आटे अलगद, सरळ लागलेत ना हे बघा आणि हातानंच आवळा.

बऱ्याच घरांत बॉटल ट्रॅप नसतो. सिंकखालून घड्याघड्यांचा पांढरा वेस्ट पाइप थेट जमिनीतल्या न्हाणी ट्रॅपमध्ये जातो. त्याच्या प्रत्येक घडीत चरबी अडकते. असा पाइप साफ करत बसण्यात अर्थ नाही, तो स्वस्त असतो, नवीन घाला. नवीन घालताना लांबी गरजेपेक्षा जास्त ठेवू नका, लोंबता पाइप लवकर तुंबतो. तो जमिनीत जिथं शिरतो तिथं भोक उघडं राहिलं तर तिथूनच झुरळं येतात, तिथं रबरी कॉलर बसवा.

ट्रॅप साफ निघाला आणि तरी पाणी जात नसेल तर पंप मारा. सिंकमध्ये पंपाची रबरी वाटी बुडेल इतकं पाणी घ्या. सिंकला वरच्या बाजूला जादा पाणी जायचं भोक असेल तर ते ओल्या फडक्यानं घट्ट बंद करा, दोन खणांचं सिंक असेल तर दुसऱ्या खणाचं भोकही. हे न करता पंप मारला तर सगळा जोर त्या भोकातून निघून जातो. पहिला दाब हळू द्या, आतली हवा जाऊ द्या. मग सलग पंधरा-वीस झटके. खरं काम वर ओढताना होतं, ढकलताना अडथळा आणखी आत बसू शकतो, म्हणून ओढण्यावर जोर ठेवा.

झालं की सिंकला बूच लावून ते भरा आणि एकदम सोडा. सांध्यांखाली रद्दी पेपर अंथरून ठेवा, थेंब पडला तर पेपरवर लगेच दिसतो, ओल्या फरशीवर दिसत नाही.

पुन्हा तुंबू नये म्हणून मटणाचं पातेलं घासायच्या आधी कागदानं पुसा. कागद कचऱ्यात टाका. सिंकच्या भोकावर बारीक जाळी ठेवा, खरकटं तिच्यात अडवा. एवढं केलं तर बाकी उपायांची गरज क्वचित पडते.

मोरी आणि बाथरूमची जाळी

इथला शत्रू केस आणि साबण. जाळी काढा. काही जाळ्या स्क्रूनं बसवलेल्या असतात, काही नुसत्या बसवलेल्या. खाली एक उलटी वाटी किंवा कप असतो, तो उचलून बाहेर काढा आणि धुवा. हा कप बरेच जण वैतागून फेकून देतात, "पाणी लवकर जातंय" म्हणून. पाणी लवकर जातं, पण ट्रॅपच्या पाण्याची अडवणूकही त्याच्याबरोबर जाते आणि गटाराचा वास कायमचा घरात येतो. कप परत बसवाच.

ट्रॅपमध्ये हात घालायचा तर मोजे घाला आणि केसांचा गुंता बोटांनी ओढून काढा. तारेचा आकडा करून ओढला तरी चालतं. पण लोखंडी सळी घेऊन ठोसे मारू नका. ट्रॅप तडकला की वर काहीच दिसत नाही, पाणी स्लॅबमध्ये मुरतं आणि खालच्या माणसाच्या छताला ओल येते. तेव्हा फरशी फोडून ट्रॅप बदलावा लागतो.

ट्रॅपच्या पुढं अडलं असेल तर ड्रेन स्प्रिंग वापरा. स्प्रिंग सरळ ढकलायची नसते. उजवीकडं फिरवत फिरवत आत सोडायची, अडथळ्याला टेकली की थोडी पुढं-मागं करत फिरवत राहायचं, मग फिरवतच बाहेर ओढायचं. टोकाला केसांचा गोळा येतो. तो काढून पुन्हा घाला. पाणी मोकळं झालं तरी लगेच थांबू नका, चार-पाच बादल्या पाणी एकदम ओता म्हणजे सुटलेला गाळ पुढच्या वळणावर बसत नाही.

जुन्या पेठांतल्या घरांत, शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या वाड्यांत, दगडी मोरीला कधी कधी ट्रॅपच नसतो, भोक सरळ गटारात जातं. तिथं वास आणि उंदीर हा कायमचा त्रास असतो. गवंड्याकडून एकदा ट्रॅप बसवून घ्या, हे काम स्वतः करायचं नाही.

संडासचं भांडं

पाणी वर आलं तर पुन्हा फ्लश करू नका. टाकीतलं पाणी आणखी भर घालेल. थोडा वेळ थांबा, पातळी खाली येऊ द्या. भांडी घासायचं लिक्विड अर्धी वाटी ओता, वीसेक मिनिटांनी बादलीभर कोमट पाणी कमरेच्या उंचीवरून एका धारेत सोडा. बऱ्याचदा एवढ्यानं सुटतं. नाही सुटलं तर खाली गळपट्टी असलेला कमोडचा पंप घ्या, सिंकचा सपाट पंप इथं धरत नाही आणि तो पुन्हा स्वयंपाकघरात नेऊही नका. सॅनिटरी पॅड, डायपर, ओले वाइप्स किंवा मुलाचं खेळणं गेलं असेल तर पंप मारू नका, वस्तू पुढं जाऊन घट्ट बसेल. प्लंबर भांडं उचलून काढेल.

पावडर, ॲसिड आणि सोडा

चोकअपच्या पावडरीत बहुतेक कॉस्टिक सोडा असतो, काहींत ॲल्युमिनियमचे दाणेही. पाण्याशी गाठ पडली की जोरात उष्णता तयार होते. तिचं काम चरबी आणि केस विरघळवणं, आणि पाणी हळू जात असेल तेव्हा ते होतंही. पाणी पूर्ण थांबलं असेल तर पावडर एका जागी साठते, गरम होते, प्लॅस्टिकचा पाइप मऊ पडू शकतो, आणि नंतर पंप मारणाऱ्याच्या तोंडावर तेच पाणी उडतं. म्हणून वापरायचीच तर सगळ्यात शेवटी, पाकिटावर लिहिलंय तेवढीच, हातमोजे आणि चष्मा घालून, मुलांना बाहेर काढून. पावडर टाकलेली असताना प्लंबर आला तर त्याला आधी सांगा.

ॲसिड मोरीत ओतू नका. चरबीवर त्याचा फारसा परिणाम नाही, पण मोझॅक, कोटा फरशी आणि सांध्यातलं सिमेंट ते खातं, लोखंडी पाइपही खातं. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र येता कामा नयेत, त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद बाथरूममध्ये तो जीवघेणा ठरतो. आधी एक ओतलं, काम झालं नाही म्हणून दुसरं ओतलं, असंच हे घडतं. सेप्टिक टँकवाल्यांनी दोन्ही टाळा, टँकमधले जिवाणू मेले तर टँक लवकर भरतो.

मोबाइलवर खाण्याचा सोडा आणि व्हिनेगरचा उपाय सगळे बघतात. फेस छान येतो. पण दोन्ही एकमेकांना मारतात आणि उरतं ते जवळजवळ साधं पाणी. हलका वास जाईल, अडथळा जाणार नाही. उकळतं पाणीही प्लॅस्टिकच्या पाइपात ओतू नका, हाताला चटका बसणार नाही इतपत गरम पुरे.

गळती शोधणं

ओल दिसते तिथंच गळती असते असं नाही, पाणी पाइपावरून किंवा स्लॅबच्या उतारानं लांब जातं. पहिला प्रश्न असा: ओल सतत आहे की वापरल्यावरच वाढते? सतत असेल तर दाबाच्या पाण्याची लाइन गळतेय. आंघोळीनंतर किंवा भांडी घासल्यावरच वाढत असेल तर सांडपाण्याचा पाइप किंवा ट्रॅप.

दाबाच्या लाइनीची परीक्षा रात्री करा. सगळे नळ बंद करून गच्चीवरच्या टाकीतल्या पाण्याच्या पातळीला खूण करा. सकाळी मोटर लावायच्या आधी बघा. पातळी उतरली असेल तर दुसऱ्या रात्रीपासून रोज टाकीखालचा एकेकच कॉक बंद ठेवा, ज्या कॉकनं पातळी टिकली त्याच्या लाइनीत गळती. मीटर बघून गळती शोधायची पद्धत आपल्याकडं तितकी उपयोगी नाही, कारण मीटर फक्त पाणी सुटल्यावरच फिरतो.

संडासची फ्लश टाकी आवाज न करता गळते आणि सगळ्यात जास्त पाणी घालवते. टाकीत थोडा खायचा रंग टाका, अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर आतला रबरी वायसर गेला. थेंब किती मोठा आहे हे कळायला ठिबकणाऱ्या नळाखाली लिटरचं माप ठेवा. तासाभरात भरलं तर दिवसाला २४ लिटर, महिन्याला ७२० लिटर पाणी गटारात चाललंय.

जमिनीखालून येणाऱ्या लाइनीची गळती मात्र पाण्याच्या नासाडीपेक्षा मोठी गोष्ट आहे. नळाचं पाणी गेलं की पाइपातला दाब जातो आणि भोकाजवळ साठलेलं गटाराचं पाणी आत ओढलं जातं. पुढच्या वेळी पाणी सुटलं की तेच आधी तुमच्या टाकीत येतं. काविळीचा, गॅस्ट्रोचा एक रस्ता हाच आहे. पाणी सुटल्यावर पहिली काही मिनिटं गढूळ किंवा वासाचं येत असेल तर ते भरू नका, नंतरचंही उकळून घ्या आणि लगेच महापालिकेला कळवा. मीटरच्या रस्त्याकडच्या बाजूला स्वतः हात लावू नका.

नळाचा वायसर

नवशिक्यानं पहिलं करावं असं काम हेच. चार-पाच वेटोळे फिरवून बंद होणारा जुना पितळी नळ आणि चतकोर फिरवून बंद होणारा नवा नळ, दोघांचं पोट वेगळं असतं.

जुन्या नळासाठी: टाकीखालचा कॉक बंद करा, नळ उघडून पाइपातलं पाणी जाऊ द्या. नळ अर्धा उघडा राहू द्या. चावीखालचा मोठा षटकोनी नट पान्यानं डावीकडं फिरवा, दुसऱ्या हातानं नळाचं अंग धरून ठेवा, नाहीतर भिंतीतला सांधा फिरतो आणि पाच रुपयांच्या कामासाठी भिंत फोडायची वेळ येते. नट सुटला की स्पिंडल, म्हणजे चावीचा दांडा, बाहेर येतो. त्याच्या टोकाला किंवा नळाच्या आत बसलेलं छोटं पितळी बटण आणि त्याखाली रबरी वायसर असतो. जुना वायसर हातात घ्या, मधोमध गोल खाच पडलेली दिसेल. नळाच्या आतल्या बसकीवर बोट फिरवा, खडबडीत लागली तर नवा वायसरही लवकर जाईल आणि नळच बदलावा. नवा वायसर त्याच मापाचा घाला, स्पिंडल परत बसवा, कॉक हळू उघडा. बंद करताना पाणी थांबलं की थांबा, पुढं आवळू नका. वायसर आवळण्यानंच कापला जातो.

चतकोर फिरणाऱ्या नळात वायसर नसतो, चिनी मातीच्या दोन चकत्यांचं कार्ट्रिज असतं. ते दुरुस्त होत नाही, सबंध बदलतात. कंपनीप्रमाणं दाते आणि लांबी वेगळी असते, म्हणून जुनं काढून दुकानात घेऊन या. बोअरच्या जड पाण्यानं त्यावर क्षार बसलेला असेल तर आधी रात्रभर लिंबाच्या रसात ठेवून बघा.

आटे आणि टेप

नळ भिंतीत बसतो तिथून झिरपत असेल तर टेप गेली. नळ सोडवा, दोन्हीकडचे आटे ब्रशनं साफ करून कोरडे करा. आट्यांचं तोंड तुमच्याकडं ठेवून टेप घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं गुंडाळा. उलटी गुंडाळली तर नळ फिरवताना ती सुटून गोळा होते. तोंडाचा पहिला आटा मोकळा सोडा, टेप ताणून धरा, अर्ध्या इंचाला आठ-दहा वेढे. नळ हातानं जाईल तेवढा घाला, मग पान्यानं थोडा. नळाचं तोंड सरळ खाली यायला हवं, पण थोडा पुढं गेला म्हणून मागं फिरवू नका. मागं फिरवलेला सांधा गळतो, टेप काढून पहिल्यापासून करा.

अँगल कॉकपासून (भिंतीवरच्या छोट्या कॉकपासून) वॉश बेसिन किंवा फ्लश टाकीपर्यंत जाणाऱ्या कनेक्शन पाइपाला टेप लागत नाही. त्याच्या टोकात रबरी वायसर असतो, तोच पाणी अडवतो.

गिझरजवळ काही करायचं असेल तर आधी भिंतीवरचं बटण आणि मग एमसीबी बंद करा. पाणी तापताना गिझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून थोडे थेंब पडले तर ती गळती नसते, त्याला बूच मारू नका.

पाइप फुटला तर

आधी पाइप कुठला हे ओळखा. पेठांतल्या जुन्या घरांत लोखंडी जीआय, नव्या बांधकामात प्लॅस्टिकचा, पिवळसर सीपीव्हीसी किंवा पांढरा यूपीव्हीसी. सीपीव्हीसी ९३ अंशांपर्यंतचं गरम पाणी सोसतो, यूपीव्हीसी फक्त थंड पाण्याला. दोघांना "अर्धा इंची"च म्हणतात, पण बाहेरचं माप वेगळं आहे, सीपीव्हीसीचं सुमारे १६ मिलिमीटर आणि यूपीव्हीसीचं सुमारे २१. एकाचा सॉकेट (दोन पाइप जोडायचा तुकडा) दुसऱ्याला बसत नाही, सॉल्व्हंटही (चिकटवायचा द्रव) वेगळं. पाइपाचा तुकडा किंवा त्यावरच्या छपाईचा फोटो दुकानात आणा.

सीपीव्हीसीला बारीक चीर असेल तर तेवढा तुकडा कापून दोन सॉकेट आणि नवा तुकडा घालायचा. कॉक बंद करा, सगळ्यात खालचा नळ उघडून लाइन पूर्ण रिकामी करा. आत थेंब थेंब येत राहिलं तर सांधा धरणार नाही. पाइप सरळ काटकोनात कापा, आतबाहेरचा भुसा पॉलिश पेपरनं काढा. कोरडाच बसवून बघा, कुठपर्यंत जातो तिथं खूण करा. मग पाइपाच्या बाहेरून आणि सॉकेटच्या आतून सॉल्व्हंटचा पातळ, सलग थर द्या. लगेच आत घाला, चतकोर फिरवा आणि अर्धा मिनिट दाबून धरा, कारण सोडलं तर तो स्वतःहून थोडा बाहेर सरकतो. सॉल्व्हंटच्या डब्यावर वेळ लिहिलेली असते, तरी संध्याकाळी जोडून सकाळी पाणी सोडणं सगळ्यात चांगलं. खिडक्या उघड्या ठेवा.

जीआय पाइपाला भोक पडलं तर सायकलच्या ट्यूबचा तुकडा दोन-तीन वेढे घट्ट गुंडाळून वर होज क्लिप आवळा, काही दिवस निघतात. एम-सील लावायचं तर लाइन बंद आणि पाइप कोरडा, गंज घासून काढलेला हवा. एम-सीलचे दोन्ही भाग एकसारखा रंग येईपर्यंत मळा आणि रात्रभर सुकू द्या. वाहत्या पाण्यावर ते धरत नाही. एका जागी भोक पडलेला जीआय पाइप दुसरीकडंही पडणार असतो, म्हणून लाइन बदलायचा हिशेब त्याच दिवशी मांडायला घ्या.

पुराच्या दिवसांत

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा नदी ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी आणि ४३ फुटांवर धोका पातळी. सुतारवाडा, दुधाळी, शाहूपुरीची कुंभार गल्ली, जयंती नाल्याकाठ, इथल्या लोकांना २०१९ आणि २०२१ चे पूर सांगायला नको. नदी चढली की नाल्यांचं पाणी बाहेर पडत नाही आणि ड्रेनेज लाइनीतून उलटं घरात येतं. हे चोकअप नव्हे, पंप आणि स्प्रिंगचा उपयोग नाही. तळमजल्यावरच्या जाळ्यांत जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत वाळू भरून दाबून बसवा, कमोडमध्येही, आणि तोवर सांडपाणी सोडू नका. जमिनीतल्या टाकीत पुराचं पाणी शिरलं असेल तर ती उपसून, घासून, क्लोरीन टाकून धुतल्याशिवाय मोटर लावू नका. मोटर भिजली असेल तर इलेक्ट्रिशियनला दाखवल्याशिवाय बटण दाबायचंच नाही.

प्लंबरला कधी बोलवायचं

भिंतीतला किंवा स्लॅबमधला पाइप, तडकलेला ट्रॅप, कमोड हलवायचं काम, खालच्या घराच्या छताला आलेली ओल, स्विचबोर्डजवळची गळती. या पाच ठिकाणी हात लावू नका, आणि स्विचबोर्डच्या बाबतीत आधी मेन बंद करा.

फोनवर "नळ गळतोय" एवढंच सांगितलं तर तो सामान न घेता येतो, बघून जातो आणि दुसऱ्या दिवशी परत येतो. पाइप कुठल्या जातीचा, माप काय, गळती सतत की वापरल्यावर, चेंबर रिकामं की भरलेलं, कुठला कॉक बंद केल्यावर थांबते, हे सांगा आणि फोटो पाठवा. कामाचे आणि सामानाचे पैसे वेगळे विचारा, काम सुरू व्हायच्या आधी. काम झाल्यावर भिंत बुजवायची घाई करू देऊ नका. दुसऱ्या दिवशी टाकी पूर्ण भरल्यावर, आणि थेट लाइनीचं काम असेल तर नळाला पाणी सुटल्यावर, पूर्ण दाबात सांध्याखाली कोरडा पेपर धरून बघा. तो कोरडा राहिला की मगच सिमेंट.